सेक्रेटरीबाई डासांच्या खुर्चीला उभ्या राहतात

ये गं, जवळ ये. हे तू फोनवरच वाचणार, ट्रेनमध्ये बसून, अर्धं लक्ष बाहेर ठेवून, मला ठाऊक आहे. तरी माझ्या शेजारी बसल्यासारखी वाच. मला तुला थोडं रागवायचंय, आणि लांबून रागावलं की त्याची नुसती कुरकुर होते.

परवा मी आल्मेरेला तुझ्याकडे आले होते तेव्हा तू मैत्रिणींना काय सांगितलंस? "आमच्या मावशीच्या शेजारी एक वेडी बाई राहायची, डासांच्या निवडणुकीला उभी राहिली होती." सगळ्या खो खो हसल्या. माझ्या हातात चहाचा ट्रे होता, म्हणून मी काही बोलले नाही. पण घरी येईपर्यंत मला ते टोचत राहिलं.

वेड्या नव्हत्या गं त्या. म्हणजे, होत्या थोड्या. पण कशा होत्या ते आधी ऐक, मग हसायचं तर हस.

आम्ही सगळे त्यांना सेक्रेटरीबाई म्हणायचो. खरं नाव इथे लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना चालणार नाही असं नाही, उलट फार आवडेल, म्हणूनच लिहीत नाही. पुण्याला त्या आपल्या हाउसिंग सोसायटीच्या कित्येक वर्षं सेक्रेटरी होत्या. मग यजमानांना पन्नाशीत इकडे डच मुलुखात नोकरी लागली. ऑफिस हूफडॉर्पला, आणि घर इथे नीउ-व्हेनेपला, आमच्याच ओळीत, माझ्यापासून दोन घरं सोडून. पद पुण्यात राहिलं, पण सेक्रेटरी इकडे आली.

यजमान अगदी हळू बोलणारे. एकदा मला म्हणाले, "ताई, आमच्याकडे भाजी कुठली करायची हे ठरवायच्या आधी मागच्या सभेचा वृत्तांत वाचला जातो." लगेच आतून आवाज आला, "मग? मागच्या वेळी दुधीला हो कोण म्हणालं होतं?"

त्यांचं एक बघण्यासारखं होतं. खेमेंटेला, म्हणजे आपल्या नगरपालिकेला, फोन करायचा असला की त्या आधी साडी बदलायच्या. घरातला गाऊन काढून चांगली इस्त्रीची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, केसांवरून फणी. मग खिडकीशी ताठ उभ्या राहून फोन लावायच्या. मी म्हटलं, "अहो, त्यांना थोडंच दिसतंय?"

"मला दिसतंय ना," त्या म्हणाल्या. "गाऊनमध्ये बसून बोललं की विनंती केल्यासारखा आवाज येतो."

डच त्यांचं असं होतं की एकही क्रियापद जागेवर नसायचं. पण अडखळून थांबायच्या नाहीत, चुकत चुकत शेवटपर्यंत जायच्या. आणि पहिलं वाक्य मात्र बिनचूक: "नाव काय तुमचं?" पलीकडच्यानं नाव सांगितलं की मग तक्रार. पुढच्या वेळी त्याच माणसाला मागून घ्यायच्या, त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायच्या, आणि मग पुन्हा तक्रार. मला म्हणायच्या, "ऑफिस कधी उत्तर देत नसतं हो ताई. उत्तर माणूस देतो. तो शोधून काढायचा." आपल्यापैकी कोणी रडत आलं, की खेमेंटेनं नाही म्हणून सांगितलं, तर यांचं ठरलेलं, "कोणी सांगितलं? खेमेंटे नावाची बाई आहे का तिथे?"

पुण्याची एक गोष्ट त्या नेहमी सांगायच्या. गच्चीवरची पाण्याची टाकी साफ झाली असं कंत्राटदारानं सांगितलं, कमिटीनं मान डोलावली. या पदर खोचून लोखंडी शिडीनं वर चढल्या आणि टाकीत डोकं घातलं. आत एक चप्पल तरंगत होती. पुढच्या जनरल बॉडीला ती चप्पल टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ज्याची असेल त्यानं घेऊन जावी. आणि टाकी साफ झालेली ज्यांनी बघितली त्यांनी जरा उभं राहावं." कोणी उठलं नाही. ही गोष्ट सांगून झाली की दर वेळी स्वतःच खूश व्हायच्या, जणू आजच चढून उतरल्या.

आता तू म्हणशील मावशी, डास कुठे आहेत? येतायत.

कोरोनाचा पहिला वसंत आठव. सगळे घाबरलेले. कोणी पिठाची पाकिटं पुसत होतं, कोणी टपाल उन्हात घालत होतं. सेक्रेटरीबाईंनी आमच्या ओळीतल्या आपल्या सगळ्या घरांसाठी नियम काढला, बाहेरून आलात की मागच्या गल्लीनं या, आणि हातपाय धुतल्याशिवाय घरात पाऊल नाही. प्रत्येकाच्या मागच्या बागेत दाराशी एक पिंप आलं. इथे मिळतात बघ ती हिरवी, शेडच्या पन्हळीतून पावसाचं पाणी भरणारी, खाली तोटी आणि वर झाकण असलेली. शेजारी स्टूल, आणि जुन्या मोज्यात घालून टांगलेला साबण. पण आपल्या लोकांना तोटीखाली पाय धरून धुतल्यासारखं वाटेना. बाईच म्हणाल्या, "तांब्या हवा. तांब्यानं भसकन ओतलं की धुतलं." तांब्या बुडवायचा म्हणजे झाकण आडवं येतं. झाली, सगळ्यांची झाकणं निघाली आणि शेडमध्ये गेली. माझंही.

त्याच दिवसांत मला ताप आला. घरात मी एकटी, श्वास लागलेला, आणि हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरांकडे, फोन केला की नुसतं वाट पाहा, वाट पाहा. बाईंनी ते ऐकलं, इस्त्रीची साडी नेसल्या, आणि फोनवरच्या मुलीचं नाव विचारलं. डॉक्टरांचा फोन मला त्याच दुपारी आला. त्यानंतर रोज मागच्या फाटकावर वरणभाताचा डबा टांगलेला असायचा, आणि बाई गल्लीत उभ्या. मी वरच्या खिडकीत येऊन हात हलवला की मगच जायच्या. एकदा यायला मला उशीर झाला तर खालून ओरडल्या, "ताई, हजेरी लावा हो! गैरहजर सभासदाला वरण नाही!" मी खोकत खोकत हसले. तुला कोणी सांगितलं का गं ही गोष्ट? नाही ना?

उन्हाळा लागला आणि डास आले. साधेसुधे नाही, झोप उडवणारे. खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा, असं सगळीकडून सांगत होते, आणि खिडकी उघडली की ते आत. आमच्या ओळीच्या कोपऱ्यावरच्या पुण्याच्या जोडप्याचं बाळ सकाळी उठलं तर पापणी सुजून डोळाच बंद. ती मुलगी रडवेली झाली होती. आमच्या घरांच्या मागून तो अरुंद चर जातो ना, स्लोट म्हणतात इथे, त्याच्यावर हिरवा थर आला होता आणि वासही येत होता. सेक्रेटरीबाईंनी बोट दाखवलं, "तिथून येतायत. पाणी हलत नाही." सगळ्यांना पटलं. न पटायला काय होतं, चर दिसतच होता घाण.

मग सुरू झाल्या तक्रारी. खेमेंटे म्हणाली चर पाणी खात्याचा. पाणी खातं म्हणालं काठ खेमेंटेचा. दोघं म्हणाले तुमच्या वाइकराडला विचारा. वाइकराड म्हणजे आमच्या वस्तीची समिती. तिच्या हातात सत्ता अशी काही नाही, पण लोकांचं गाऱ्हाणं वर न्यायचं आणि उत्तर खाली आणायचं हे तिचं काम. त्यात पाणी आणि हिरवळ अशी एक जागा आहे. तिथले गृहस्थ निवृत्त, उंच, फार सभ्य, भेटले की टोपी काढणारे. त्यांची मुदत संपून गेली होती, पण कोरोनामुळे निवडणूक पुढे, पुन्हा पुढे, आणि ते आपले बसलेले. प्रत्येक तक्रारीला त्यांचं सभ्य उत्तर यायचं, की नोंद घेतली आहे, कोरोनामुळे पाहणी लांबली आहे.

"कोरोना माणसांना झालाय," बाई म्हणाल्या, "चराला नाही."

पहिला उन्हाळा असा गेला. दुसराही तसाच जायला लागला, आणि एकदाची निवडणूक जाहीर झाली. पासपोर्ट कुठला हे त्या समितीला कोणी विचारत नाही, वस्तीत राहता ना, मग उभे राहा. आमच्या बाई पाणी आणि हिरवळीच्या जागेला उभ्या राहिल्या. तीच तुझ्या त्या निवडणुकीतली डासांची खुर्ची. नाव आमच्या ओळीतल्या मुलांनी पाडलं होतं.

प्रचार काय वर्णावा! तीन चाकी सायकल, पुढच्या टोपलीत चिवड्याच्या पुड्या, मागे पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेली पाटी, डच आणि मराठीत. दीड मीटरवर थांबून सायकलची घंटी वाजवायच्या, दार उघडलं की पुडी उंबऱ्यावर ठेवून मागे सरायच्या आणि विचारायच्या, "तुमच्याकडे डास बघायला कोणी आलं होतं का? नाव आठवतंय?" म्हातारे डच लोक आधी दचकायचे, मग बोलत सुटायचे. कोणाचा दिवा बंद, कोणाचा फुटपाथ उखडलेला, कोणाच्या बायकोला वर्षभर कोणी भेटलेलंच नाही. बाई सगळं ऐकायच्या. आपली मंडळी तर अभिमानानं फुगली होती. आपल्यातलं कोणीतरी प्रथमच उभं राहिलं होतं.

आणि मग ती सकाळ. उमेदवारांची सभा दोन दिवसांवर आलेली. मी बागेत मोगऱ्याला पाणी घालत होते, तर बाई मागच्या फाटकातून आत आल्या. गाऊनमध्ये! केस विस्कटलेले. हातात पांढरं प्लास्टिकचं पातेलं, धिरड्याचं पीठ भिजवतात ते.

"ताई, बघा."

पातेल्यात पाणी, आणि त्यात अळ्या. वळवळत वर यायच्या, खाली जायच्या. मला शिसारी आली.

"चरातलं?" मी विचारलं.

"माझ्या पिंपातलं. पाय धुवायला तांब्या बुडवला, तर पायावर वळवळलं." मग माझ्या पिंपाशी गेल्या, पातेलं बुडवलं. तेच. कोपऱ्यावरच्या बाळाच्या घरी, तेच. नंतर आम्ही दोघी चराकाठी गेलो. बाई गुडघ्यावर बसल्या, हिरवा थर बाजूला केला, इथून तिथून पाणी काढलं. बारके मासे निघाले, गोगलगायी निघाल्या. अळी नाही.

बाई तशाच ओल्या गवतावर बसून राहिल्या. "पुण्यात टाकीवर चढले मी," म्हणाल्या. "आणि इथे दोन उन्हाळे या चराला शिव्या दिल्या, एकदा वाकून नाही बघितलं."

घरी यजमान म्हणाले, "निवडणूक होऊ दे. मग सांग." तेवढ्यात कोपऱ्यावरचा तो मुलगा, बाळाचा बाप, आला. त्याचं म्हणणं आणखी स्पष्ट. "काकू, प्लीज सांगू नका. आत्ताच लोक आपल्याकडे बघून चार पावलं जास्त मागे सरकतात. उद्या म्हणतील, इंडियन लोकांनी डास आणले. मुलांना शाळेत ऐकावं लागेल. झाकणं लावून टाकू ना गुपचूप, विषय संपला."

चूक नव्हतं गं त्याचं. मलाही तेच वाटत होतं. उभ्या राहिल्या त्या डासांच्या नावावर, आणि डास निघाले त्यांच्याच दारातले! सांगितलं तर खुर्ची गेली, आणि वर आपल्या सगळ्यांचं नाव गेलं. न सांगितलं तर निवडून येण्यासारखं होतं, ते सभ्य गृहस्थही आतून धास्तावले होते.

बाई म्हणाल्या, "आपण लपवलं आणि उद्या त्यांनी शोधलं, तर काय म्हणतील?"

"कोण शोधायला येतंय इथे काकू? दोन वर्षांत कोणी आलं?"

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "हेच," त्या म्हणाल्या. "अगदी हेच." आणि आत निघून गेल्या. मुलगा माझ्याकडे बघतोय, मी यजमानांकडे, आणि यजमान छताकडे.

सभा खेळाच्या मैदानात होती. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, गवतावर पांढऱ्या खुणा. बाईंनी जांभळी साडी नेसली होती, आणि मांडीवर ते पातेलं, वर ताट झाकलेलं. लोकांना वाटलं चिवडा असणार. त्यांची पाळी आली. उठल्या, ताट काढलं, पातेलं पुढच्या टेबलावर ठेवलं.

"हे डास," त्या आपल्या त्या मोडक्या डचमध्ये म्हणाल्या. "चरातले नाहीत. माझ्या पिंपातले. झाकण मी काढलं. माझ्या शेजाऱ्यांनाही मीच काढायला लावलं, पाय धुवायला सोपं म्हणून. त्यांची चूक नाही, माझी आहे. चर चांगला आहे. त्याची माफी मागते."

कुठूनतरी हसू फुटलं, आणि मैदानभर पसरलं. आपली मंडळी मान खाली घालून बसली. एक म्हातारे गृहस्थ काठी उंचावून म्हणाले, "बाई, मग आम्ही तुम्हाला मत का द्यायचं?"

"देऊ नका," बाई म्हणाल्या. "पण एक ऐका. दोन उन्हाळे मी लिहीत होते. तीन ठिकाणांहून उत्तरं आली. दोघांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं, तिसऱ्यानं लिहिलं, नोंद घेतली आहे. बघितलं कोणी? एक माणूस एक पातेलं घेऊन आला असता, तर पहिल्याच आठवड्यात मला तोंडावर म्हणाला असता, बाई, झाकण लावा. माझी तक्रार चुकीची होती. चुकीच्या तक्रारीलासुद्धा कोणीतरी बघायला यायला पाहिजे. बघितल्याशिवाय कळणार कसं चुकीची आहे ते?"

हसू थांबलं होतं. त्या सभ्य गृहस्थांकडे वळून, अगदी शांतपणे, बाईंनी विचारलं, "आमच्या चरावर कोण गेलं होतं? नाव सांगता?"

ते उठले. टोपी हातात घेतली. मग म्हणाले, "कोणी नाही. मीही नाही." आणि बसले. ते बोलायलाही काही कमी धैर्य लागलं नसेल.

दुसऱ्या दिवशी बाई शिलाईचं इलॅस्टिक आणि जुन्या नायलॉनच्या साड्या घेऊन घरोघर फिरल्या. झाकण नको असेल तर कापड बांधा, तांब्यापुरतं सैल करता येतं. कोपऱ्यावरचा तो मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता, तरी त्याच्या पिंपालाही स्वतः बांधून आल्या, मोरपंखी रंगाची. आमची मागची गल्ली काय दिसायची गं! हिरव्या पिंपांना डाळिंबी, पिवळी, फुलाफुलांची टोपडी. पलीकडच्या ओळीतल्या दोन डच बायका येऊन विचारून गेल्या, आम्हालाही मिळेल का एक.

निवडणूक बाई हरल्या, जागा त्याच गृहस्थांकडे राहिली. थोडक्यात नाही, चांगल्याच हरल्या. आपल्यातल्याही काहींनी मत दिलं नाही, हे त्यांना कळलं होतं, कोणाचं नाव त्यांनी काढलं नाही. त्या संध्याकाळी त्या एकदाच रडल्या, माझ्या स्वयंपाकघरात, कांदा चिरताना, आणि कांद्याला दोष दिला.

आठवड्यानं ते गृहस्थ आले. फाटकाबाहेर उभे राहून म्हणाले, समितीत एक सल्लागार घेता येतो, तुम्ही याल का? मी मनात म्हटलं, चला, झालं बरं. पण बाई म्हणाल्या, "लोकांनी मला नको म्हटलंय. मागच्या दारानं आत येणं बरोबर नाही. तुम्ही आत बसा, मी बाहेरून विचारते."

आणि विचारलं गं त्यांनी! प्रत्येक उघड्या बैठकीला पहिल्या खुर्चीवर. दिव्याचा विषय निघो की बाकाचा, यांचा हात वर. "बघायला कोण गेलं होतं?" गृहस्थ बिचारे आधी घामाघूम व्हायचे. मग एके दिवशी बाईंनी हात वर करायच्या आधीच म्हणाले, "मी गेलो होतो. सकाळी. चिखल होता." सगळे हसले, बाईंनी मान डोलावली आणि पर्समधून काढून चिवड्याची पुडी त्यांच्या पुढ्यात ठेवली. कोपऱ्यावरचा मुलगाही त्या दिवशी मागे उभा होता. बाहेर पडताना म्हणाला, "काकू, सायकल मी ढकलतो." एवढंच. पुरलं त्यांना.

पुढच्या वसंतात समितीनं ठरवलं, दर महिन्यातल्या एका शनिवारी सगळ्यांनी मागच्या गल्ल्यांतून, चराच्या काठानं चालायचं. ज्याला थांबवून विचारायचं त्यानं विचारावं. बाई यजमानांबरोबर पुण्याला कायमच्या गेल्या त्याच्या आधीच्या शनिवारीही त्या चालल्या होत्या, जांभळी साडी आणि पायात गमबूट, गृहस्थांच्या बरोबरीनं. काय बोलत होते देवाला माहीत, दोघांचं डच एकमेकांना कळत होतं एवढं खरं.

फेरी अजून चालते. मीही जाते, काठी घेऊन, सगळ्यांच्या मागून. लोक फार चांगले आहेत, माझ्यासाठी थांबतात, हवामानाचं बोलतात. पण चरावर एखादं बदकाचं पिल्लू दिसलं, किंवा कोणाच्या बागेत भलतंच काही दिसलं, तर शेजारी वळून पटकन "अहो, बघा ना" म्हणायला कोणी नसतं. या शनिवारी ये गं. गरम कपडे घाल, पोटभर खाऊन नको येऊस, आल्यावर आमटीभात करीन. ये, माझ्या बरोबरीनं चाल थोडी.